दूरध्वनीवरील गुप्तश्रवणाची तपासणी

दूरध्वनीवरील गुप्तश्रवणाची तपासणी म्हणजे दूरध्वनी संच, त्याची वाहिनी आणि ती वाहिनी जेथे जेथे जोडली जाते त्या पेट्या यांमध्ये बोलणे चोरून ऐकण्यासाठी एखादे साधन बसवले आहे का, याचा पद्धतशीर शोध होय. अशा साधनांद्वारे दोन प्रकारचे बोलणे बाहेर जाऊ शकते : दूरध्वनीवर चाललेले संभाषण आणि दूरध्वनी बंद असताना त्याच खोलीत चाललेली बातचीत. तपासणीत प्रत्यक्ष पाहणी, वाहिनीवरील विद्युत मोजमापे, रेडिओ लहरींचा शोध आणि वाहिनीचा माग काढणे या चार मार्गांचा एकत्रित उपयोग केला जातो. ग्राहकाच्या बाजूने केलेली तपासणी केवळ तिच्या आवाक्यातील भागाबद्दल सांगू शकते. दूरध्वनी केंद्रात किंवा संभाषणाच्या दुसऱ्या टोकाला होणारे श्रवण तिच्या कक्षेबाहेर राहते. म्हणून ‘काही आढळले नाही’ या निष्कर्षाचा अर्थ ‘कोणीही ऐकत नाही’ असा होत नाही.

संज्ञा

वाहिनीला जोडणी देऊन संभाषण ऐकण्याच्या कृतीस इंग्रजीप्रमाणे मराठीतही सर्रास ‘फोन टॅपिंग’ म्हटले जाते. संचात अथवा खोलीत लपवलेल्या लहान मायक्रोफोनला किंवा ट्रान्समीटरला ‘बग’ म्हणतात. कायद्याच्या अधिकारात, सक्षम अधिकाऱ्याच्या लेखी आदेशाने होणाऱ्या श्रवणास ‘अंतर्रोधन’ किंवा ‘इंटरसेप्शन’ ही संज्ञा वापरली जाते. या लेखात ‘गुप्तश्रवण’ हा शब्द या सर्व प्रकारांसाठी वापरला आहे. वैध व अवैध श्रवणातील फरक जेथे महत्त्वाचा आहे तेथे तो स्वतंत्रपणे नमूद केला आहे.

पार्श्वभूमी

तारेवरील संदेश चोरून ऐकण्याचा प्रकार दूरध्वनीपेक्षा जुना आहे. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने १८६२ मध्ये, म्हणजे दूरध्वनीच्या शोधापूर्वीच, तारायंत्राचे संदेश मध्येच ऐकण्यास कायद्याने बंदी घातली होती. दूरध्वनी आल्यानंतर सुरुवातीची अनेक वर्षे प्रत्येक संभाषण केंद्रातील चालकाच्या हातून जोडले जाई, आणि त्या चालकाला ते ऐकता येत असे. अल्मन स्ट्रोजर या अमेरिकन व्यक्तीने १८९१ मध्ये स्वयंचलित दूरध्वनी केंद्राचे पेटंट मिळवले. आपल्या ग्राहकांचे फोन चालक प्रतिस्पर्ध्याकडे वळवतात, हा संशय या शोधामागे होता असे सांगितले जाते.

स्वयंचलित केंद्रांमुळे मधला माणूस दूर झाला. तारा मात्र पूर्वीप्रमाणेच रस्त्यांवरून, खांबांवरून आणि इमारतींच्या जिन्यांतून जात राहिल्या. विसाव्या शतकाच्या मध्यास ट्रान्झिस्टर आल्यावर बगचा आकार झपाट्याने लहान झाला आणि तो दूरध्वनी संचाच्या आतच बसू लागला. वाहिनीतूनच वीज मिळत असल्याने त्याला स्वतंत्र बॅटरीची गरज उरली नाही. याच काळात सरकारी गुप्तचर संस्थांमध्ये आणि पुढे खासगी क्षेत्रात गुप्तश्रवण शोधण्याचे स्वतंत्र तंत्र विकसित झाले.

दूरध्वनी वाहिनीची रचना

तपासणीची तत्त्वे समजण्यासाठी तांब्याच्या तारेवरील पारंपरिक दूरध्वनीची रचना लक्षात घ्यावी लागते. ग्राहकाच्या घरापासून दूरध्वनी केंद्रापर्यंत दोन तारांची एक जोडी जाते. घरातील भिंतीवरच्या रोझेटपासून ती इमारतीतील किंवा खांबावरील वितरण पेटीत (डीपी) येते, तेथून रस्त्याकडेच्या पिलर किंवा कॅबिनेटमध्ये आणि शेवटी केंद्रातील मुख्य वितरण चौकटीवर (एमडीएफ) पोचते. या प्रत्येक ठिकाणी जोडी उघडी होते आणि तेथे तिला दुसरी तार जोडता येते.

केंद्रातून या जोडीवर सुमारे ४८ व्होल्टचा एकदिश विद्युतदाब कायम दिलेला असतो. रिसीव्हर खाली असताना वाहिनीतून जवळजवळ प्रवाह वाहत नाही. रिसीव्हर उचलताच मंडल पूर्ण होते, साधारण २० ते ५० मिलिअँपिअर प्रवाह वाहू लागतो आणि संचाच्या टोकाशी विद्युतदाब घसरून बहुधा १२ व्होल्टच्या खाली येतो. घंटी वाजवण्यासाठी याच तारांवर कमी वारंवारतेचा, सुमारे ७५ ते ९० व्होल्टचा प्रत्यावर्ती दाब पाठवला जातो. वाहिनीच्या या ठरावीक अवस्था हाच तपासणीचा पाया होय : वाहिनीवर काही जादा जोडलेले असेल तर या आकड्यांत फरक पडावा, अशी त्यामागील अपेक्षा असते.

गुप्तश्रवणाचे प्रकार

एकसरी जोडणी : जोडीतील एक तार तोडून तिच्यामध्ये साधन बसवले जाते. असे साधन वाहिनीच्याच प्रवाहावर चालते. रिसीव्हर उचलल्यावर सुरू होते व ठेवल्यावर बंद पडते. त्यामुळे वाहिनीचा रोध किंचित वाढतो.

समांतर जोडणी : दोन्ही तारांना आडवी जोडणी दिली जाते. एकाच घरात दोन संच जोडतात तीच ही पद्धत. साधनाचा रोध जितका जास्त, तितका त्याचा वाहिनीवरील परिणाम कमी. ध्वनिमुद्रक जोडण्यासाठी बहुधा हीच पद्धत वापरली जाते.

प्रवर्तनाने श्रवण : तारेला स्पर्श न करता तिच्याभोवती किंवा संचाजवळ वेटोळे ठेवून संभाषणाचे चुंबकीय क्षेत्र टिपले जाते. वाहिनीशी विद्युत जोडणी होत नसल्याने मोजमापांत त्याची खूण उमटत नाही.

संचातील फेरफार : रिसीव्हर ठेवल्यावर मायक्रोफोन वाहिनीपासून तोडणारा खटका संचात असतो. या खटक्याला धारित्र, रोधक किंवा तिसरी तार वापरून पर्यायी वाट करून दिली, तर रिसीव्हर जागेवर असतानाही मायक्रोफोन जिवंत राहतो आणि खोलीतील बोलणे तारेवरून बाहेर जाते. ‘इन्फिनिटी ट्रान्समीटर’ या नावाने ओळखले जाणारे साधन याच तत्त्वावर चालते. बाहेरून त्या क्रमांकावर फोन करून विशिष्ट स्वर वाजवला की ते घंटी न वाजवता खोलीतील आवाज पाठवू लागते.

रेडिओ प्रेषण : संचात, रोझेटमध्ये किंवा वितरण पेटीत बसवलेला लहान ट्रान्समीटर संभाषण रेडिओ लहरींद्वारे जवळपासच्या ग्राहीकडे पाठवतो.

केंद्रातील श्रवण : आधुनिक डिजिटल केंद्रांत ठरावीक क्रमांकाचे संभाषण दुसरीकडे उतरवून घेण्याची सोय संगणक प्रणालीतच असते. ग्राहकाच्या तारेवर यामुळे कोणताही बदल होत नाही.

तपासणीची पद्धत

पूर्वतयारी

तपासणीची चर्चा संशयित दूरध्वनीवर किंवा त्याच खोलीत केली जात नाही. दूरनियंत्रित साधन तपासणीच्या काळापुरते बंद ठेवता येते आणि मग रेडिओ शोधात ते सापडत नाही. म्हणून तपासणी पूर्वसूचना न देता आणि शक्यतो कामकाजाच्या वेळेत करणे योग्य मानले जाते. वाहिनीवरील घंटीचा दाब शरीराला झटका देऊ शकतो, तसेच विजांच्या कडकडाटात तारेवर धोकादायक दाब येऊ शकतो. त्यामुळे पावसाळी वादळात उघड्या जोडण्यांवर काम टाळले जाते.

प्रत्यक्ष पाहणी

आढळणाऱ्या साधनांचा शोध बहुधा डोळ्यांनीच लागतो, म्हणून पाहणीला पहिले स्थान दिले जाते. संच उघडून त्याच बनावटीच्या, निर्दोष असल्याची खात्री असलेल्या दुसऱ्या संचाशी त्याची घटकशः तुलना केली जाते. जादा तारा, वेगळ्या रंगाचे डाख, नव्याने चिकटवलेले भाग, स्क्रूच्या खाचांवरील ताजे ओरखडे आणि प्रमाणापेक्षा मोठा किंवा जड मायक्रोफोन या खुणा पाहिल्या जातात. महत्त्वाच्या कार्यालयांत संच व रोझेट यांवर मोहोर लावून तिचे छायाचित्र जपून ठेवतात, म्हणजे पुढच्या पाहणीत छेडछाड लगेच लक्षात येते. जेथे संच उघडणे पुरेसे नसते तेथे क्ष-किरण छायाचित्राचा आधार घेतला जातो.

त्यानंतर तार हाताने तपासत रोझेटपासून वितरण पेटीपर्यंत जावे लागते. जुन्या इमारतींत वापरात नसलेल्या जोड्या, बंद पडलेल्या फोनच्या तारा आणि अर्धवट सोडलेली टोके जागोजागी असतात. खोलीत लपवलेल्या मायक्रोफोनचा आवाज बाहेर नेण्यासाठी अशी मृत जोडी सर्वांत सोयीची असते. म्हणून चालू वाहिनीइतकेच लक्ष न वापरलेल्या तारांकडे दिले जाते.

विद्युत मोजमापे

बहुमापकाने (मल्टिमीटर) रिसीव्हर खाली असताना व उचललेला असताना वाहिनीचा दाब आणि प्रवाह मोजून नोंदवला जातो. एकाच मोजमापाला फारसा अर्थ नसतो. त्याच वाहिनीच्या आधीच्या नोंदींशी तुलना केल्यासच ते बोलके होते. वाहिनी केंद्रापासून अलग करून दोन तारांमधील, तसेच प्रत्येक तार व जमीन यांमधील रोधही मोजतात. निर्दोष कोरड्या वाहिनीत तो मेगोहमच्या घरात असतो.

या मोजमापांची मर्यादा साध्या हिशोबातून दिसते. ०.५ मिलिमीटर व्यासाच्या तांब्याच्या जोडीचा जाता-येता रोध दर किलोमीटरला सुमारे १७० ओहम असतो. ३ किलोमीटरच्या वाहिनीचा सुमारे ५१० ओहम. तांब्याचा रोध प्रत्येक अंश सेल्सिअसला सुमारे ०.४ टक्का वाढतो. उघड्यावरील तारेचे तापमान २० अंशांनी वाढले तर रोध सुमारे ४० ओहमने वाढतो. म्हणजे डिसेंबरच्या सकाळी आणि मेच्या दुपारी घेतलेल्या दोन मोजमापांत जो फरक नैसर्गिकरीत्या पडेल, तेवढ्याच फरकात एक लहान एकसरी साधन लपू शकते. समांतर जोडलेल्या १ मेगोहम रोधाच्या साधनातून ४८ व्होल्टवर केवळ ४८ मायक्रोअँपिअर प्रवाह वाहतो. पावसाळ्यात ओलसर झालेल्या सांध्यांतूनही तेवढी गळती सहज होते.

ध्वनी चाचणी

रिसीव्हर जागेवर ठेवून वाहिनीला उच्च रोधाचा ध्वनिवर्धक जोडला जातो आणि खोलीत घड्याळाची टिकटिक किंवा एकसुरी आवाज चालू ठेवला जातो. तो आवाज तारेवर ऐकू आल्यास मायक्रोफोन जिवंत आहे, म्हणजेच खटक्यात फेरफार झालेला आहे, असा निष्कर्ष निघतो. केवळ दोन कार्यरत तारांवरच नव्हे, तर केबलमधील प्रत्येक तारेच्या प्रत्येक संभाव्य जोडीवर ही चाचणी करावी लागते. इन्फिनिटी ट्रान्समीटरसारख्या साधनांसाठी श्राव्य कक्षेतील वेगवेगळे स्वर एकामागून एक वाहिनीवर सोडून साधन जागे होते का, हे पाहिले जाते.

स्पंद परावर्तन

काल-प्रांत परावर्तनमापक (टीडीआर) हे उपकरण तारेवर अतिशय अल्पकालीन विद्युत स्पंद सोडते आणि त्याचा प्रतिध्वनी मोजते. तारेत जेथे सांधा, फाटा किंवा बिघाड असेल तेथून स्पंदाचा काही भाग मागे फिरतो. अशा तारेत संकेत प्रकाशाच्या सुमारे दोन तृतीयांश वेगाने, म्हणजे मायक्रोसेकंदाला सुमारे २०० मीटर, प्रवास करतो. प्रतिध्वनी ३ मायक्रोसेकंदांनी परतला, तर फाटा सुमारे ३०० मीटरवर आहे हे कळते. उपकरण जागा दाखवते. त्या जागी वैध सांधा आहे की चोरटी जोडणी, हे तेथे जाऊनच पाहावे लागते.

रेडिओ व अर्धसंवाहक शोध

वर्णपट विश्लेषकाच्या (स्पेक्ट्रम ॲनालायझर) साह्याने परिसरातील रेडिओ संकेतांची नोंद रिसीव्हर खाली असताना व उचललेला असताना घेतली जाते. रिसीव्हर उचलताच नवा संकेत उमटत असेल तर त्याची छाननी होते. तारेवरूनच उच्च वारंवारतेने आवाज बाहेर नेणारी साधने असल्याने दूरध्वनीच्या व विजेच्या तारांवरही हा शोध घेतला जातो.

अरेषीय संधी शोधक (एनएलजेडी) हे उपकरण एका वारंवारतेची लहर सोडते आणि तिच्या दुप्पट व तिप्पट वारंवारतेचे उत्तर ऐकते. अर्धसंवाहक घटकांकडून दुप्पट वारंवारतेचे, तर गंजलेल्या धातूच्या सांध्यांकडून तिप्पट वारंवारतेचे उत्तर सहसा जोरकस येते. साधन बंद असले किंवा त्याची बॅटरी संपलेली असली तरी ते सापडू शकते, हा या उपकरणाचा मोठा फायदा. मात्र आधुनिक दूरध्वनी संचात मुळातच अर्धसंवाहक असल्याने खुद्द संचाच्या तपासणीत त्याचा उपयोग कमी होतो. भिंती, नळ्या, लाकडी सामान आणि रोझेटच्या आसपास तो अधिक होतो.

साधन आढळल्यास

संशयास्पद वस्तू आढळल्यास ती तत्काळ काढून टाकणे अयोग्य मानले जाते. ती काढल्याने ऐकणारा सावध होतो, त्याच्यापर्यंत पोचण्याचा मार्ग तुटतो आणि पुराव्याची साखळी खंडित होते. वस्तूबद्दल त्या खोलीत न बोलता तिची छायाचित्रे व जागेची नोंद घेणे, आणि अन्य ठिकाणाहून पोलीस व सेवा कंपनीला कळवणे ही रूढ पद्धत आहे. वितरण पेटी व तिच्यापुढील वाहिनी ही सेवा कंपनीची मालमत्ता असते; ग्राहकाने किंवा त्याने नेमलेल्या तपासनिसाने ती परस्पर उघडणे हा स्वतंत्र गुन्हा ठरू शकतो.

तपासणीच्या मर्यादा

तपासणी ही एका क्षणाची स्थिती सांगते. तपासनीस निघून गेल्यानंतर तासाभरात साधन बसवले जाऊ शकते. त्यामुळे खोलीतील प्रवेशावर नियंत्रण नसेल तर तपासणीचे मूल्य अल्पकाळ टिकते. प्रवर्तनाने होणारे श्रवण व उच्च रोधाची उत्तम बनावटीची साधने मोजमापांतून निसटू शकतात. केंद्रातील श्रवण ग्राहकाच्या टोकाला मुळीच दिसत नाही. तसेच, समोरच्या व्यक्तीने आपल्या बाजूला संभाषण ध्वनिमुद्रित केल्यास अलीकडील कोणत्याही चाचणीत ते कळण्याचा संभव नसतो.

या कारणांमुळे जबाबदार तपासनिसाच्या अहवालात काय तपासले, कोणत्या उपकरणाने तपासले आणि काय तपासता आले नाही, या तिन्ही गोष्टी नमूद केल्या जातात. ‘वाहिनी पूर्णपणे सुरक्षित आहे’ असे प्रमाणपत्र तांत्रिकदृष्ट्या निराधार असते. अशा आश्वासनावर विसंबून एखादी व्यक्ती अधिक मोकळेपणाने बोलू लागल्यास तपासणी न करण्यापेक्षाही अधिक हानी संभवते.

प्रचलित गैरसमज

संभाषणात येणारी खरखर, टिकटिक, प्रतिध्वनी किंवा अस्पष्ट परके आवाज ही टॅपिंगची खूण आहे, हा सर्वांत रूढ समज आहे. प्रत्यक्षात ओलसर किंवा गंजलेले सांधे, शेजारच्या जोडीतून होणारी संकेतगळती आणि सैल जोडण्या ही त्यांची नेहमीची कारणे असतात. पावसाळ्यात असे आवाज वाढतात ते यामुळेच. चांगल्या बनावटीचे साधन ऐकू येईल असा आवाज करत नाही. त्यामुळे खरखर हा श्रवणाचा पुरावा ठरत नाही, तसेच स्वच्छ आवाज हा श्रवण होत नसल्याचा पुरावाही ठरत नाही.

भ्रमणध्वनीवर *#२१# यासारखा संकेतांक दाबल्यास टॅपिंग कळते, हा दुसरा समज. या संकेतांकाने फक्त कॉल दुसऱ्या क्रमांकावर वळवलेले आहेत का, एवढेच समजते. कॉल वळवण्याच्या सोयीचा फसवणुकीसाठी गैरवापर मात्र खरोखर होतो. सेवा कंपनीचा प्रतिनिधी असल्याचे भासवून ग्राहकाकडून *४०१# ने सुरू होणारा संकेत दाबून घेतला जाई आणि त्याचे कॉल भामट्याच्या क्रमांकाकडे वळत. भारताच्या दूरसंचार विभागाने अशा संकेतांकांद्वारे कॉल वळवण्याची सोय १५ एप्रिल २०२४ पासून स्थगित करण्याचे आदेश दिले.

भ्रमणध्वनी व आधुनिक जाळी

तांब्याच्या तारेसाठी विकसित झालेल्या बहुतेक चाचण्या भ्रमणध्वनीला, प्रकाशतंतूवरील जोडणीला किंवा इंटरनेटवरून चालणाऱ्या दूरध्वनीला लागू पडत नाहीत. प्रकाशतंतू वाकवून त्यातील थोडा प्रकाश बाहेर काढता येतो. त्यामुळे होणारा ऱ्हास प्रकाशीय परावर्तनमापकाने शोधता येतो, पण ही तपासणी सेवा कंपनीच करू शकते. बिनतारी हँडसेटच्या बाबतीत संच आणि त्याचा तळ यांमधील रेडिओ दुवा हाच सर्वांत दुर्बळ भाग ठरतो. जुन्या ॲनालॉग हँडसेटचे संभाषण साध्या ग्राहीवर ऐकता येत असे.

भ्रमणध्वनीत मायक्रोफोन, वीजपुरवठा आणि प्रेषक आधीच हजर असतात. बाहेरून फक्त आज्ञावली बसवावी लागते. म्हणून येथे पेचकस व बहुमापक यांची जागा संगणकीय न्यायवैद्यक तपासणीने घेतली आहे. ‘पेगासस’ या हेरगिरीच्या आज्ञावलीसंबंधीच्या आरोपांची चौकशी करण्यासाठी भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने २७ ऑक्टोबर २०२१ रोजी तांत्रिक समिती नेमली. तिच्या कामावर देखरेख निवृत्त न्यायमूर्ती आर. व्ही. रवींद्रन यांची होती. समितीने तपासलेल्या २९ उपकरणांपैकी ५ उपकरणांत घातक आज्ञावली आढळली, परंतु ती पेगाससच होती असा निष्कर्ष काढता आला नाही, असे ऑगस्ट २०२२ मध्ये न्यायालयात सांगण्यात आले. तारेवरील तपासणीची जी मर्यादा, तीच येथे नव्या रूपात दिसते.

संभाषण दोन्ही टोकांना कूटबद्ध केल्यास मधल्या वाहिनीवरील श्रवण निरुपयोगी ठरते. मात्र उपकरणातच आज्ञावली घुसवलेली असेल किंवा खोलीत मायक्रोफोन असेल, तर कूटलेखनाचे संरक्षण मिळत नाही.

उल्लेखनीय प्रकरणे

बर्लिनचा बोगदा : अमेरिकन व ब्रिटिश गुप्तचर संस्थांनी बर्लिनमध्ये सुमारे ४५० मीटर लांबीचा बोगदा खणून सोव्हिएत लष्कराच्या भूमिगत दूरध्वनी केबलना जोडणी दिली. मे १९५५ पासून २२ एप्रिल १९५६ पर्यंत हे श्रवण चालले. ब्रिटिश अधिकारी जॉर्ज ब्लेक याने ही योजना सोव्हिएत गुप्तचरांना आधीच कळवली होती. परंतु त्याचे बिंग फुटू नये म्हणून त्यांनी ती तशीच चालू दिली. अखेर पावसाने बिघडलेल्या केबलची दुरुस्ती करताना बोगदा सापडल्याचे दाखवण्यात आले.

काट्झ खटला : १९६५ मध्ये एफबीआयने लॉस एंजेलिसमधील सार्वजनिक दूरध्वनी कक्षाच्या बाहेरील बाजूस श्रवणसाधन लावले. ना तारेला जोडणी होती, ना संचात फेरफार. १८ डिसेंबर १९६७ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हे श्रवण घटनाविरोधी ठरवले. भौतिक घुसखोरी झाली नाही तर हक्कभंग होत नाही, ही १९२८ च्या ओल्मस्टेड खटल्यातील भूमिका त्यामुळे मागे पडली.

ओखोत्स्क समुद्रातील केबल : १९७० च्या दशकात अमेरिकन नौदलाने ओखोत्स्क समुद्राच्या तळावरील सोव्हिएत केबलभोवती प्रवर्तनावर चालणारे साधन बसवले. केबलला छिद्र पाडले नसल्याने मोजमापांतून ते उघड होणे शक्य नव्हते. १९८० मध्ये रोनाल्ड पेल्टन या अमेरिकन कर्मचाऱ्याने ही माहिती विकल्यावर ते उघडकीस आले.

वॉटरगेट : मे १९७२ मध्ये वॉशिंग्टन येथील डेमोक्रॅटिक पक्षाच्या कार्यालयातील दूरध्वनींत ट्रान्समीटर बसवण्यात आले. १७ जून रोजी पुन्हा घुसलेल्या पाच जणांना अटक झाली. त्यानंतर दूरध्वनी कंपनी व एफबीआय यांनी केलेल्या पाहणीत संचांमध्ये काहीही आढळले नाही. मात्र १३ सप्टेंबर १९७२ रोजी पक्षाचे पदाधिकारी स्पेन्सर ऑलिव्हर यांच्या संचात सदोष ट्रान्समीटर सापडला. तो जूनच्या पाहणीत नजरेतून सुटला की नंतर बसवला गेला, यावर सरकारी वकील व एफबीआय यांच्यात मतभेद झाले. एका पाहणीत काही न आढळण्याचा अर्थ किती सावधपणे लावावा, याचे हे ठळक उदाहरण आहे.

ग्रीसमधील श्रवण : २००४-०५ मध्ये ग्रीसचे पंतप्रधान कोस्टास करामानलिस यांच्यासह शंभराहून अधिक व्यक्तींचे भ्रमणध्वनी ऐकले जात होते. व्होडाफोन ग्रीस कंपनीच्या केंद्रातील वैध अंतर्रोधनाची सोय चोरट्या आज्ञावलीद्वारे चालू करण्यात आली होती. लघुसंदेश पोचण्यात अडथळे येऊ लागल्यामुळे चाललेल्या शोधात ती मार्च २००५ मध्ये सापडली. कंपनीने आज्ञावली लगेच काढून टाकल्याने ऐकणाऱ्यांचा माग काढणे अवघड झाले. ज्यांचे फोन ऐकले गेले त्यांच्या हातातील संच पूर्णपणे निर्दोष होते.

भारतातील कायदेशीर स्थिती

भारतात कोलकाता, मुंबई व मद्रास येथे १८८२ मध्ये दूरध्वनी केंद्रे सुरू झाली. त्यानंतर आलेल्या भारतीय तार अधिनियम, १८८५ मधील कलम ५(२) हा सरकारी अंतर्रोधनाचा दीर्घकाळ आधार राहिला. सार्वजनिक आणीबाणी किंवा सार्वजनिक सुरक्षितता या परिस्थितीत आणि देशाचे सार्वभौमत्व, राज्याची सुरक्षा, परराष्ट्रांशी मैत्रीसंबंध, सार्वजनिक सुव्यवस्था किंवा गुन्ह्यास चिथावणी रोखणे या कारणांसाठीच ते करता येते.

मुंबईत १९६४ मध्ये लाचेच्या एका प्रकरणात एका डॉक्टरच्या संमतीने त्याच्या दूरध्वनीला ध्वनिमुद्रक जोडून पोलिसांनी संभाषण नोंदवले होते. ‘आर. एम. मलकानी विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्ये हा पुरावा ग्राह्य धरला. संभाषणातील एका पक्षाची संमती असल्याने तार अधिनियमाचा भंग झाला नाही, असे न्यायालयाने म्हटले. १९८८ मध्ये कर्नाटकचे मुख्यमंत्री रामकृष्ण हेगडे यांनी फोन टॅपिंगच्या आरोपांनंतर राजीनामा दिला.

राजकीय नेत्यांच्या फोन टॅपिंगसंबंधीचा केंद्रीय अन्वेषण विभागाचा अहवाल १९९१ मध्ये प्रकाशात आल्यावर पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज या संघटनेने सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. १८ डिसेंबर १९९६ च्या निकालात न्यायालयाने दूरध्वनीवरील संभाषण हा खासगीपणाच्या हक्काचा भाग मानला आणि बंधने घातली : आदेश केंद्र किंवा राज्याच्या गृह सचिवानेच द्यावा, तो दोन महिन्यांपुरता असावा, एकूण मुदत सहा महिन्यांपेक्षा अधिक नसावी आणि आढावा समितीने त्याची तपासणी करावी. तातडीच्या प्रसंगी गृह सचिवाचा अधिकार किमान सहसचिव दर्जाच्या अधिकाऱ्याला देता येईल, असेही ठरले. २००७ मध्ये तार नियमांतील नियम ४१९-अ द्वारे ही चौकट नियमबद्ध झाली. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने सांगितले. २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाचप्रकरणातील अंतर्रोधनाचे आदेश सार्वजनिक सुरक्षिततेची अट पूर्ण करत नसल्याने रद्द केले व मुद्रित संभाषणे नष्ट करण्यास सांगितले.

दूरसंचार अधिनियम, २०२३ मधील अंतर्रोधनाच्या व शिक्षेच्या तरतुदी २६ जून २०२४ पासून लागू झाल्या. वैध अंतर्रोधनाची कार्यपद्धती सांगणारे नवे नियम डिसेंबर २०२४ मध्ये अधिसूचित झाले. या अधिनियमाच्या कलम ४२ नुसार बेकायदा अंतर्रोधनास तीन वर्षांपर्यंत कारावास, दोन कोटी रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

वैध अंतर्रोधन केंद्रातच होत असल्याने ग्राहकाला ते तपासणीने कळत नाही. तेथे त्याचे संरक्षण उपकरणांवर अवलंबून नसून लेखी आदेश, मुदत, नोंदी आणि आढावा समिती यांच्या काटेकोर अंमलबजावणीवर अवलंबून असते.

हे सुद्धा पहा

दूरध्वनी
वॉटरगेट प्रकरण
खासगीपणाचा हक्क
कूटलेखन
भारतीय तार अधिनियम, १८८५